दाबायचा, पिळायचा नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी चादरी धुतल्या. दुपारी भाऊजी आणि जाऊबाई येऊन गेले. संध्याकाळी शेडचं कुलूप काढून गाड्या पाहिल्या आणि परत लावलं.

आमच्या लॅबमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा, झोपेच्या गोळ्यांपेक्षा बरं. मी आजवर रक्ताचे रिपोर्ट सोडून काही लिहिलेलं नाही. पण गोळ्यांनी दिवसभर तोंड कडू राहतं, म्हणून ही वही.

हे जाऊन महिना होत आला. गेले ते मोटरसायकलवरून पडून नव्हे, शेडमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या. लोकांना हे आवडत नाही. भेटायला आलेला प्रत्येक जण आवाज खाली आणून आधी विचारतो, "पडले का?" नाही, हृदय बंद पडलं, असं सांगितलं की त्याचा चेहराच पडतो. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत ज्याने इतकी वर्षं मोटरसायकली उडवल्या, त्याने खुर्चीत मरावं हे त्यांना फसवणुकीसारखं वाटतं.

खाण ह्यांनी भाड्याने घेतलेली. सुट्टीच्या दिवशी शहरातून लोक येतात, खडबडीत रस्त्याच्या मोटरसायकली किंवा चार फुगीर चाकांच्या क्वाड भाड्याने घेतात, दिवसभर धूळ खातात आणि खूश होऊन जातात. आमचं घर खाणीच्या तोंडाशीच आहे. त्यामुळे धूळ आम्हीही खातो. फुकट.

भाऊजींचं शहरात बाथरूमच्या फरशांचं दुकान आहे. आता सुट्टीच्या दिवसांत ट्रॅक ते सांभाळणार आहेत. "वहिनी, दादाचं स्वप्न मी मरू देणार नाही," म्हणाले. ह्यांना स्वप्नं पडत नसत. हे पडल्या पडल्या घोरत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

जाऊबाई म्हणाली, "ताई, मागच्या अंगणातली ती कपड्यांची दोरी आता मोकळी झाली हो तुम्हाला." सांत्वनच होतं ते तिचं.

दोरीचं असं आहे. या प्रत्येक गाडीच्या सीटखाली हवेचा फिल्टर असतो. फिल्टर म्हणजे भांडी घासायच्या स्पंजसारखा फोम. त्याला चिकट तेल लावलेलं असतं, धूळ त्या तेलाला चिकटते आणि इंजिनाला स्वच्छ हवा मिळते. हे रोज संध्याकाळी फोम काढायचे, रॉकेलमध्ये धुवायचे, मग साबणाच्या कोमट पाण्यात, आणि माझ्या दोरीवर माझ्याच चिमट्यांनी वाळत घालायचे. वाळले की प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तेल ओतून, कणकेसारखे मळायचे. हातमोजे माझ्या लॅबमधले. टब माझा. टॉवेल तर नेहमी माझ्या चांगल्यातलाच.

एकच वाक्य ते सगळ्यांना ऐकवायचे: "दाबायचा, पिळायचा नाही. पिळला की सांध्यावर फाटतो." मी ओला टॉवेल पिळत असले तरी मागून हेच. मी म्हणायची, टॉवेलला सांधा नसतो.

आणि फोम काढल्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवायचे. ते बोट घेऊन थेट स्वयंपाकघरात. "बघ." बोट स्वच्छ असायचं. मी म्हणायची, "हात धुवा आधी." त्यात बघण्यासारखं काय आहे ते मला कधी कळलं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

भाऊजींच्या कारकिर्दीचा पहिला रविवार. लाउडस्पीकर आणला होता. गर्दी बरी. भाषण लांब.

भाऊजी शेडमध्ये पाऊल ठेवायच्या आधी रेडिओ लावतात, मोठ्याने. तोवर उंबऱ्यावरच उभे असतात. फरशांच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी लावायची सवय असेल.

संध्याकाळी मिस्त्रीने काळे झालेले फोम काढून बाकावर ठेवले. मिस्त्री म्हणजे ह्यांच्या हाताखाली गाड्या दुरुस्त करणारा. कुणाच्याही मताशी त्याचं पटतं, हा त्याचा मोठा गुण. भाऊजींनी तेलाच्या डब्याचं झाकण उघडलं, लगेच बंद केलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल. "मला या वासाची अ‍ॅलर्जी आहे," म्हणाले. लहानपणापासून ओळखते मी त्यांना. अ‍ॅलर्जी नवी आहे.

मग नाक दाबून चर्चा झाली.

"मिस्त्री, हे तेल लावतात कशाला?"

"धूळ चिकटावी म्हणून, साहेब."

"म्हणजे आपणच धूळ चिकटवून घ्यायची, आणि आपणच ती धुवत बसायची?"

"असंच आहे, साहेब."

"तेलच लावलं नाही तर?"

मिस्त्री बराच वेळ पाना पुसत राहिला. "नाही चिकटणार, साहेब."

यात खोटं काहीच नव्हतं.

तेल बंद झालं. भाऊजींनी बाह्या सरसावून सगळे फोम स्वतः धुतले, जादाचे ठेवलेलेसुद्धा. ओल्या कपड्यासारखे पिळले. ह्यांच्या स्वतःच्या मोटरसायकलच्या मापाचा जादाचा फोम सांध्यावर टर्रकन फाटला. "क्वालिटी नाही," म्हणाले.

ह्यांच्या मोटरसायकलला मात्र कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी मिस्त्रीला बजावलं. तिचा फिल्टर तेवढा तसाच राहिला, तेलासकट. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मोठी माणसं, मोठी कारणं.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज विजयाचा दिवस होता.

दिवसभर गाड्या धावल्या. खाणीवर धुळीचा ढग इतका, की पलीकडची कड दिसेना. संध्याकाळी फोम काढले, तर जवळजवळ जसे घातले तसे. झटकले की साफ. भाऊजींनी एक फोम उजेडाला धरला, जाऊबाईने फोटो काढला.

"बघितलंत वहिनी? दादा बिचारा आयुष्यभर स्पंज धुवत बसला."

"कधी कुणाला विचारलं नाही ना त्यांनी," जाऊबाई म्हणाली.

मी क्वाडच्या नळीत बोट घातलं. फिरवलं. बाहेर काढलं तर पावडर लावल्यासारखं. इतकी धूळ उडाली, ती फोमवर नाही, म्हणजे कुठेतरी गेलीच असणार. लॅबमध्ये नळी रिकामी निघाली तर आम्ही रक्त नव्हतंच असं समजत नाही, सांडलं कुठे ते बघतो. मी बोट भाऊजींना दाखवलं.

"पीठ असेल," म्हणाले. "स्वयंपाकघरातून आलात ना. तुम्ही आराम करा, वहिनी."

नंतर मी मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं. "कोरडा फोम धूळ अडवतो का हो?"

"नाही अडवत."

"मग बोलत का नाही?"

"वहिनी, मालक होते तेव्हा मालक म्हणतील तसं. आता साहेब म्हणतील तसं." त्याच्या मेव्हण्याचं पिस्टन बसवून द्यायचं दुकान आहे. जाताना तो गाड्यांच्या इंजिनांची मापं घेऊन गेला. दूरदृष्टी आहे माणसाला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

लॅबमध्ये पुन्हा कामाला लागले. सगळे माझ्याशी हळू बोलतात, जणू मी झोपले आहे.

भाऊजींचा फोन. २ मार्चला खाणीत ह्यांच्या स्मरणार्थ शर्यत. पहिली मानाची फेरी भाऊजी स्वतः ह्यांच्या मोटरसायकलवरून मारणार. बॅनर छापायला गेला. त्यावर ह्यांचा फोटो कुठल्यातरी लग्नातला, कोटातला आहे. कोट माझ्या भावाचा. बॅनरवर लिहिलंय, "तो श्वास होता वेगाचा". ज्याने इतकी इंजिनं श्वासासाठी जपली, त्याच्याबद्दल असं छापून यावं. बरं.

येताना लॅबमधून हातमोजे आणले. संध्याकाळी शेडमध्ये गेले आणि जेवढ्या जमल्या तेवढ्या गाड्यांचे फोम काढून तेल लावलं. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, पुन्हा पीठ व्हायचं. पहिल्या फोमला इतकं तेल झालं की सीटवर ओघळ आला. दुसऱ्याला कमी. तिसऱ्यापासून हाताला समजायला लागलं. सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत मळायचं आणि जादाचं दाबून काढायचं. शेवटी कडेला बोटाने ग्रीस फिरवायचं, म्हणजे फटीतून हवा शिरत नाही. कधी शिकवलं नव्हतं त्यांनी मला. दाराशी उभी राहून ओरडत असताना दिसलं तेवढंच.

ह्यांच्या मोटरसायकलचा फोम काढला नाही. तो त्यांनी, गेले त्याच दिवशी दुपारी लावलेला. चांगलाच लावलेला असणार. उगाच कशाला उचकटायचा.

रविवार, २३ फेब्रुवारी

फोम पुन्हा काळे निघाले. जवळजवळ सगळे. भाऊजी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिले.

"मिस्त्री, हे काय?"

"धूळ आहे, साहेब."

"ते दिसतंय. गेल्या रविवारी नव्हती!"

"आज आहे, साहेब."

मिस्त्रीने फोम हातात घेतला होता. तेल त्याच्या बोटांना लागलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोटं पँटला पुसली आणि वारा फिरला असावा म्हणाला. लगेच वाऱ्यावर उपाय सुरू झाले. टँकर मागवून ट्रॅकवर पाणी मारलं. त्याचा चिखल झाला. एक सभ्य गृहस्थ त्यात चष्म्यासकट बसले. जाऊबाईचं म्हणणं, खाणीच्या पलीकडे रस्त्याचं काम चालू आहे, ते लोक मुद्दाम करतात.

एका क्वाडपर्यंत मात्र मी पोचले नव्हते. ह्यांनी तिचं नाव म्हातारी ठेवलं होतं. कधीच बंद पडत नसे, फक्त कुरकुरत असे. ती आज चढावर पांढरा धूर सोडून बसली. मिस्त्रीने तिथेच उघडली. पिस्टनवर उभे ओरखडे, जणू मांजरीने नखं मारलीत. आत बारीक वाळू.

"पेट्रोलात भेसळ," भाऊजींनी निदान केलं.

"भेसळच, साहेब," मिस्त्री म्हणाला, आणि मेव्हण्याला फोन लावायला गेला.

मी घरी येऊन डाळ निवडली. निवडलेलीच होती, पुन्हा निवडली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

भाऊजी दुकान टाकून सरावाला येताहेत. शुक्रवारपासून रोज. मोटरसायकल ह्यांची, टोपी ह्यांची. टोपी खुंटीवर होती, ती विचारून घेतली.

"बसते का डोक्यात?" मी विचारलं.

"जरा घट्ट आहे."

ह्यांचं डोकं लहान होतं, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

आज सराव झाल्यावर गाडी शेडमध्ये लावली, इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत. पुढे वाकून टाकीवर डोकं टेकून बसले होते. फार वेळ. कंबर धरली असणार. फरशा विकणाऱ्या माणसाने या वयात खड्ड्यांतून उड्या मारायच्या म्हणजे दुसरं काय होणार. मी मलम घेऊन गेले तर एकदम सरळ झाले.

"वहिनी, शेडमध्ये तेलाचा वास येतोय."

"जुना असेल."

"इतके दिवस नव्हता."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बाकाकडे, डब्याकडे, माझ्या हातांकडे. मला वाटलं आता मिस्त्रीला फोन लावतात.

"असू दे," म्हणाले.

मलम नेलं नाही. रेडिओ लावायचाही विसरले होते.

शनिवार, १ मार्च

ह्यांची मोटरसायकल खोकायला लागली. ओढत नाही, काळा धूर टाकते. बघायला हवं होतं मी आधीच. एवढ्या सरावाची धूळ एका फोमने खाल्ली होती. बाकी सगळे मी एकाआड एक दिवस धुवत होते आणि या एकाला म्हणत होते, अजून चालेल. मंगळवारीही म्हटलं, गुरुवारीही. वेळ झाला नाही, असं लिहिणार होते. वेळ होता.

मिस्त्रीने फक्त कान लावून निदान केलं. "गाडी गुदमरलीय, साहेब. फिल्टरच काढून टाकू. एका फेरीपुरतं. मोकळा श्वास घेईल."

"श्वास!" जाऊबाई म्हणाली. "बॅनरला पण जुळतंय."

भाऊजी म्हणाले, "इंजिनाला काही होणार नाही ना?"

"एका फेरीने काय होतंय, साहेब," मिस्त्री म्हणाला. मेव्हण्याच्या दुकानात या गाडीचं पिस्टन आलेलं आहे, हे मला लॅबमधल्या शिपायाने सांगितलं होतं. तो तिथेच स्कूटर दुरुस्तीला देतो.

"नाही," मी म्हटलं.

सगळे वळले. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे थोडं बोललं तरी गोंगाट होतो.

"फिल्टर काढायचा नाही. सकाळपर्यंत होईल नीट. तुम्ही सगळे घरी जा."

"ताई, तुम्ही कशाला त्रास..." जाऊबाई सुरू झाली. भाऊजी तिला म्हणाले, "चल." मिस्त्रीला म्हणाले, "तूही चल." मिस्त्रीचं त्याच्याशीही पटलं.

उन्हं उतरायच्या आत सीट काढली. फोमची बाहेरची बाजू म्हणजे चिखलाची पोळी. आतली बाजू पाहिली, तेल अजून लाल आणि चिकट होतं. कडेच्या ग्रीसवर बोट फिरवल्याची खूण होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. रुंद बोट. शेवटी उचललं तिथे ग्रीसला छोटं टोक आलं होतं.

नळीत बोट घातलं. स्वच्छ.

मग चहा करायला घरात गेले. चहा केला. गार झाला. परत शेडमध्ये आले.

जादाचा फोम असता तर बदलला असता आणि हा ठेवून दिला असता डब्यात. तो भाऊजींनी पिळला. भाऊजींना नावं ठेवायला आज फार जोर आला नाही.

कडेचं ग्रीस आधी पुसावं लागतं. पुसलं. बराच वेळ लागला, ग्रीस चिवट असतं. मग रॉकेल. पहिलं पाणी काळं, दुसरं तपकिरी, तिसऱ्याला लाल झाक, नंतर नुसतं पाणी. दाबला, पिळला नाही. घराच्या आत, पंख्याखाली वाळत ठेवला. बाहेर धूळ आहे.

रविवार, २ मार्च

सकाळी तेल लावलं, फोम बसवला. कडेला ग्रीस मीच फिरवलं. माझं बोट बारीक आहे, दोनदा फिरवावं लागलं.

शर्यत झाली. गर्दी चांगली. बॅनर वाऱ्याने अर्धा सुटला आणि दिवसभर ह्यांचा कोट तेवढा फडफडत होता. भाऊजींनी भाषण केलं. मध्येच थांबले, कागद उलटा धरला, सुलटा केला आणि "बरं, चला" म्हणून संपवलं. आजवरचं त्यांचं सगळ्यात चांगलं भाषण.

मानाची फेरी. मोटरसायकल पहिल्या किकला सुरू झाली, धूर नाही, आवाज गोल. पहिल्या वळणापर्यंत भाऊजी थेट ह्यांच्यासारखे दिसत होते. वळणावर पडले. लागलं काही नाही, कोपर खरचटलं. लोकांनी मात्र काय टाळ्या वाजवल्या! भेटायला येऊन निराश होऊन गेलेले बहुतेक सगळे हजर होते. त्यांना शेवटी आमच्या घरातलं कुणीतरी पडलेलं बघायला मिळालं.

भाऊजी उठले, टोपी झटकली, गाडी उचलली आणि फेरी पुरी केली.

संध्याकाळी मिस्त्री मेव्हण्याला पिस्टन परत पाठव म्हणून सांगायला गेला. जाऊबाई गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. मी स्वयंपाकघरात होते. भाऊजी मागच्या दाराने आले. शेडमध्ये सीट त्यांनीच काढली असावी, हात कोपरापर्यंत मळले होते. एक बोट तेवढं उभं धरलं होतं.

"बघा," म्हणाले.

बोट स्वच्छ होतं.

"हात धुवा आधी, भाऊजी."

धुतले. माझ्या चांगल्या टॉवेलला पुसले. पाठमोरे होते, टॉवेल तोंडावर धरून जरा जास्तच वेळ उभे राहिले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "वहिनी, मी काय विचार करत होतो, फोमना तेल लावत जावं असं वाटतंय. थोडं थोडं."

"आणि तुमची अ‍ॅलर्जी?"

"ती... बघू."

हॉर्न पुन्हा वाजला. टोपी खुंटीला अडकवायला गेले, पण मग घालूनच निघाले.

ते गेल्यावर शेडमधून सगळे फोम टबमध्ये आणले. धुतले, दाबले. मागच्या दोरीवर चादरी होत्या, त्या एका कडेला सारल्या आणि उरलेल्या जागेत फोम लावले. चिमटे कमी पडले. चादरींचे काढून घेतले.